शेजारच्या सीटवरच्या बाई

बाईंनी एकतीस वर्षं नोकरी केली ती चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून. मोटार शिकवणाऱ्या शाळेची गाडी, तिला दोन ब्रेक: एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा बाईंच्या. शहरातल्या निम्म्या लोकांनी रस्त्यावरची पहिली बोलणी बाईंची खाल्ली आणि परवानाही त्यांच्याच कृपेने मिळवला. वकील असो, न्हावी असो, नाहीतर बँकेचा साहेब, बाई सगळ्यांना एकाच मापाने मोजायच्या. आरसा बघतो की नाही? न बघणारा माणूस एरवी कितीही गुणाचा असला तरी बाईंच्या लेखी वाया गेलेला. दुसऱ्या ब्रेकवरून त्यांचं नाव ब्रेकबाई पडलं होतं आणि ते त्यांना आवडायचं.

त्या बाहत्तर वर्षांच्या झाल्या आणि किल्ल्या फ्रीजमध्ये सापडू लागल्या. तेव्हा लेक त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. लेक म्हणजे एकुलती एक, वय सेहेचाळीस, पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर कारकून. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात आईबरोबर तिचं बरं चाललं होतं. डॉक्टर योगायोगाने बाईंचाच जुना विद्यार्थी निघाला. दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झालेला. त्याने बाईंना कागद देऊन घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाईंनी स्पीडोमीटर काढला. काटा ऐंशीवर दाखवला आणि खाली लिहिलं, ‘वेग कमी करा’.

डॉक्टरने कागद बाजूला ठेवला. मग म्हणाला, "डिमेन्शिया आहे. स्मृतिभ्रंश. सुरुवात आहे अजून." लेकीने खुर्ची आईजवळ ओढली. बाई मात्र डॉक्टरकडे रोखून बघत होत्या. "तू अजून क्लच झटक्यात सोडतोस ना?" त्यांनी विचारलं. डॉक्टरने कबूल केलं.

आठवणीसाठी आधी गोळी मिळाली. तिने पोट बिघडलं, म्हणून त्याच औषधाची पाठीला चिकटवायची पट्टी आली. रोज सकाळी जुनी काढायची, जागा बदलून नवी लावायची. बाई पाठीला हात लावू देईनात. शेवटी लेक म्हणाली, "शिकाऊ गाडीला मागे पाटी लागतेच, नियम आहे." नियम म्हटल्यावर बाईंनी निमूट पाठ पुढे केली. तेवढं एक काम सोपं झालं.

खरी पंचाईत वेगळीच होती. बाई जिना उतरून खाली जायच्या आणि रस्त्याकडेला जी गाडी उघडी दिसेल तिच्यात, शेजारच्या सीटवर, जाऊन बसायच्या. पट्टा लावायच्या. म्हणायच्या, "आरसा. गिअर. चला." आणि गंमत अशी की लोक चालायला लागायचे! बाईंच्या आवाजात एकतीस वर्षांची जरब होती. त्या आवाजापुढे माणूस ही बाई कोण, कुठली, हे विचारायचंच विसरायचा. पहिल्यांदा सापडला खालचा बेकरीवाला. तासभर बाईंनी त्याला गल्लीत मागे-पुढे करायला लावलं. तो घामाघूम होऊन वर आला आणि लेकीला म्हणाला, "तक्रार नाही माझी. अहो, पंधरा वर्षांत आज पहिल्यांदा एका दमात गाडी लावली मी." दुसऱ्यांदा एक विमा विकणारा. त्याची ठरलेली भेट हुकली, पण क्लचवर पाय ठेवून चालवायची सवय सुटली म्हणून तोही खुशीतच होता.

तिसऱ्यांदा मात्र सामान वाहणारी व्हॅन होती. तिचा चालक बोलणारा नव्हता आणि त्याला लांब जायचं होतं. बाई पंचेचाळीस किलोमीटरवरच्या पेट्रोलपंपावर सापडल्या, तिथल्या माणसाला हवेचा दाब तपासायचा कसा हे शिकवताना. लेक आणायला गेली तेव्हा बाईंनी तिला ओळखलं नाही. "तुझा तास उद्या आहे," म्हणाल्या. परत येताना लेकीला दोनदा गाडी थांबवावी लागली. पुढच्या वेळी गाडी कुठली असेल, चालवणारा कसा असेल आणि ती कुठे जाऊन थांबेल, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना.

म्हणून डॉक्टरने दुसरी गोळी दिली. छोटी, पांढरी, रोज सकाळी एक. "शांत राहतील. बाहेर जायची ओढ कमी होईल," तो म्हणाला. "पण परिणाम बघायला हवा. रोज काय दिसतं ते लिहून ठेवा आणि दोन आठवड्यांनी मला दाखवा. त्यावर डोस ठरवू."

आता ही गोळी बाईंना द्यायची कशी? "मी स्टिअरिंगला हात लावत नसते," बाईंनी सांगून टाकलं. "शिकणाऱ्याने करायचं, मी बघणार." पट्टीचा नियम इथे चालेना. मग लेकीने तोड काढली. टेबलावर समोरासमोर दोन वाट्या. बाईंच्या वाटीत त्यांची गोळी, आपल्या वाटीत व्हिटॅमिनची. आधी लेकीने गिळून दाखवायची, मग बाईंनी ‘बरोबर करून दाखवायची’. पहिल्याच दिवशी बाईंनी हरकत घेतली. "तुझी पिवळी का? दोघींनी एकच गाडी चालवायची." लेक चार औषधांच्या दुकानांत फिरली आणि अगदी तशीच, पांढरी, छोटी व्हिटॅमिनची गोळी शोधून आणली. आणल्याचा तिला केवढा अभिमान वाटला! माणूस स्वतःसाठी खड्डा खणतो तेव्हा तो असाच मन लावून खणतो.

बाईंनी कपाटातून शाळेचं जुनं कोरं कार्ड काढलं. शिकणाऱ्याचं नाव, तारीख, शेरा, सही असे रकाने. नावाच्या जागी त्यांनी काहीच लिहिलं नाही, पण रोज गोळी झाली की त्या सही करायच्या आणि दिवसभरात काही खटकलं तर शेरा लिहायच्या. लेक तिच्या वहीत लिहायची, बाई त्यांच्या कार्डावर. दोघींचं कार्यालय अगदी रीतसर चाललं होतं.

पहिले चार दिवस बाई खरंच शांत झाल्या. आधी लेकीचा जीव भांड्यात पडला. ती कामावर गेली की शिवणकाम करणारी शेजारीण बाईंजवळ येऊन बसायची, ती म्हणाली, "काही त्रास नाही हो, बसवलं तिथे बसतात." पण चौथ्या दिवशी लेक घरी आली तर बाई खिडकीजवळ खुर्चीत बसलेल्या, मान एका बाजूला कललेली, हनुवटीवर लाळ. खाली कुणीतरी उलट्या दिशेने गाडी घुसवली होती, हॉर्नचा नुसता कल्लोळ चाललेला, आणि बाई त्याकडे बघतही नव्हत्या. "आई, बघ ना, तो उलटा घुसलाय," लेक म्हणाली. बाई म्हणाल्या, "असू दे." लेकीने तोंडावर ओढणी घेतली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. व्हॅनवाला बरा की ही खुर्ची बरी, हे तिचं तिला ठरवता येईना.

पाचव्या दिवशी वाट्या मांडल्या, दोघी बसल्या आणि बाई अचानक म्हणाल्या, "जागा बदला."

शिकवण्याच्या गाडीत हे रोजचंच. एकाचा तास झाला की गाडी बाजूला घ्यायची, दोघांनी उतरायचं, वळसा घालून एकमेकांच्या सीटवर जायचं. लेक उठली, टेबलाला वळसा घालून बाईंच्या खुर्चीत बसली. बाई लेकीच्या खुर्चीत. वाट्या जिथल्या तिथेच राहिल्या. लेकीने समोरच्या वाटीतली गोळी टाकली तोंडात आणि पाणी प्यायली. बाईंनी समोरची व्हिटॅमिनची गोळी ऐटीत गिळून दाखवली. "हां, असं," म्हणाल्या आणि शेरा लिहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. दहा दिवस हा कार्यक्रम कुठल्याही खंडाशिवाय पार पडला, आणि वाट्या कुणाच्या डोक्यातही आल्या नाहीत.

बाई तरतरीत झाल्या. सकाळी उठून खिडकीतून शेजाऱ्यांच्या चुका काढू लागल्या. लेकीला वाटलं, गोळी अखेर मानवली! तिने वहीत लिहिलं, ‘खूप सुधारणा’. त्यानंतर तिने वहीत काही लिहिलं नाही, कारण तिला वही कुठे ठेवली तेच आठवेना.

लेक चालताना भिंत धरू लागली. तोंड सारखं कोरडं. ती बसल्याजागी पेंगायची. सगळ्यांनी सांगितलंच होतं, आजाऱ्याची सेवा करणारा माणूस आधी मोडतो; तिला वाटलं, हे तेच असणार. आपण दमलोय. ऑफिसात तर नवल घडलं. पाण्याच्या खिडकीवर माणसं तावातावाने यायची, आणि लेक त्यांच्याकडे अर्धवट मिटल्या डोळ्यांनी, अपार समजुतीने बघत राहायची. "आठ दिवस नळाला पाणी नाही!" माणूस ओरडायचा. "हो," लेक म्हणायची. एवढंच. मग ती त्याच्याकडे बघतच राहायची. थोड्या वेळाने माणूसच ओशाळून म्हणायचा, "बघा जरा जमलं तर." साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर तिचं कौतुक केलं. तक्रारदारांशी कसं वागावं हे हिच्याकडून शिका, म्हणाले. कौतुक चालू असतानाच लेकीला डुलकी लागली.

घरी बाईंची नजर तिच्यावर होती. सातव्या दिवशी लेक गाडीची किल्ली घेऊन निघाली तर बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "किल्ली दे. तू गाडी चालवायच्या लायकीची नाहीस आज." "आई, उशीर होतोय." "उशीर झालेला चालेल. मेलेली चालायची नाही." बाईंनी किल्ली काढून घेतली आणि ब्लाउजमध्ये घातली. लेक त्या दिवसापासून बसने जाऊ लागली आणि दर दिवशी दोन थांबे पुढे जाऊन उतरली.

चौदाव्या दिवशी दोघी डॉक्टरकडे गेल्या, बसनेच. बाईंनी लेकीचा दंड धरून तिला रस्ता ओलांडवला. डॉक्टरने वही मागितली. लेकीने पिशवी धुंडाळली. वही नव्हती, कार्ड होतं. तिने तेच पुढे केलं.

डॉक्टर वाचू लागला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "पहिले चार दिवस नुसत्याच सह्या आहेत. पाचवा दिवस: ‘नजर रस्त्यावर नाही.’ सहावा: ‘घास हातात धरून झोप लागली.’ सातवा: ‘प्रतिक्रिया उशिरा. किल्ली जप्त.’ आठवा: ‘सारखं पाणी मागते. पाय ओढते.’ दहावा: ‘विनोद सांगितला. हसली नाही. ही आधी हसायची.’ बारावा: ‘ही आता कुणालाच दोष देत नाही. काळजी वाटते.’" त्याने कार्ड खाली ठेवलं. "अहो, किती बारकाईने लिहिलंय तुम्ही! घरचे लोक इतकं नेमकं लिहीत नाहीत. हे औषध फार जास्त होतंय. अशा अवस्थेत त्यांना इथपर्यंत आणलंत कसं?"

एवढं बोलून त्याने मान वर केली. बाई ताठ बसून भिंतीवरच्या माहितीपत्रकातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजत होत्या. लेकीचं डोकं टेबलावर टेकलेलं होतं.

"हे अक्षर कुणाचं?" डॉक्टरने सावकाश विचारलं.

"माझं," बाई म्हणाल्या. "शेरा मीच लिहिते. शिकणारीला लिहू देतात का कधी?"

डॉक्टरने आधी लेकीचा रक्तदाब बघितला. मग गोळी कशी देता ते करून दाखवा म्हणाला. दोन कागदी पेले टेबलावर मांडले गेले, रिकामेच. बाई डॉक्टरसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "जागा बदला." डॉक्टर उठला. टेबलाला वळसा घालून रुग्णाच्या खुर्चीत बसला, आणि बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की बाई त्याच्या खुर्चीत आहेत, पेले मात्र जागेवरच आहेत, आणि आपण पेला उचलून तोंडालासुद्धा लावलाय. "अरे देवा," डॉक्टर म्हणाला. लेकीने डोळे उघडले. दोन्ही पेल्यांकडे बघितलं. दहा दिवसांत पहिल्यांदा ती हसली, आणि मग तिला थांबताच येईना; हसता हसता ती केव्हा रडायला लागली ते तिघांनाही कळलं नाही.

"म्हणजे दहा दिवस बाईंना ही गोळी मिळालीच नाही," डॉक्टर म्हणाला. तो अजून रुग्णाच्याच खुर्चीत होता. "या दहा दिवसांत त्या कुणाच्या गाडीत बसल्या का?"

लेकीने डोळे पुसत आठवून बघितलं. "नाही. खालीच गेल्या नाहीत."

"का?"

ते तिला माहीत नव्हतं. डॉक्टरलाही नव्हतं. बाईंना विचारलं तर त्या त्याच्या खुर्चीत गोल फिरून बघत होत्या, खुर्चीचा ब्रेक कुठे आहे म्हणून. शेवटी ठरलं असं: पट्टी चालू ठेवायची. पांढरी गोळी बंद. रोज संध्याकाळी लेकीने त्यांना स्वतःच्या गाडीतून फिरवून आणायचं, म्हणजे ती हौस भागेल. "पण परत एकदा जरी परक्या गाडीत बसल्या," डॉक्टर म्हणाला, "तर मात्र गोळीशिवाय इलाज नाही. धोका फार आहे." लेकीने मान डोलावली. लाळ आलेली ती हनुवटी तिच्या डोळ्यांपुढे आली.

तेवीस वर्षं गाडी चालवणारी लेक त्या दिवसापासून रोज संध्याकाळी शिकाऊ झाली. पट्टा, आरसा, गिअर, चला. बाई शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबायच्या. त्यांच्या पायाखालची चटई झिजायला लागली. लेकीची तेवीस वर्षांतली प्रत्येक वाईट सवय बाईंनी खणून काढली. ती घरात आई म्हणायची आणि गाडीत बाई, आणि यात दोघींपैकी कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं.

बारा दिवस बरे गेले. तेराव्या दिवशी लेक ऑफिसातून बसने येऊन गल्लीत वळली. बेकरीसमोर बेकरीवाल्याची गाडी चालू स्थितीत उभी, शेजारचं दार सताड उघडं, आणि बाई त्या दाराशी. शिवणकाम करणारी जिन्याच्या तोंडाशी हात जोडून उभी होती, गळ्यात मोजमापाची टेप. लेक पिशवी टाकून धावत सुटली.

जवळ पोचल्यावर तिला ऐकू आलं. बेकरीवाला आतून गयावया करत होता. "बाई, दहाच मिनिटं बसा हो. मेव्हण्याच्या दारात गाडी लावायची आहे, उतारावर. सगळे बघायला उभे राहतील. बसा ना!"

"जमणार नाही," बाई म्हणाल्या. "माझी गाडी ठरलेली आहे. एवढ्यात येईल ती." आणि त्यांनी दार लावून टाकलं. मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "पाच मिनिटं उशीर. पळत आलीस वाटतं? पळत येऊन गाडी चालवायची नसते. आधी श्वास घे."

लेकीने श्वास घेतला. पिशवी उचलली. दोघी गाडीत बसल्या.

मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. गर्दी भरपूर. लेकीने गाडी थांबवली आणि पुढे बघतच विचारलं, "बाई, तुम्ही आधी कुणाच्याही गाडीत बसायचात. आता का बसत नाही?"

"कुणाच्याही नाही," बाई जरा रागानेच म्हणाल्या. "घाबरलेला माणूस दिसला तरच. लांबून कळतं ते. स्टिअरिंग असं गच्च धरलेलं असतं, खांदे वर गेलेले. अशा माणसाला एकट्याला कसं जाऊ द्यायचं? कुणीतरी शेजारी बसायला हवं ना."

"मग आता?"

बाईंनी तिच्या हातांकडे बघितलं. पांढरी पडलेली बोटं, वर गेलेले खांदे.

"आता तू आहेस," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षांत तुझ्याइतकं घाबरलेलं कुणी बघितलं नाही मी. कुणाची कोण पोरगी आहेस देव जाणे. पण तुला सोडून दुसऱ्यांच्या गाडीत बसत फिरू? एवढी काही मी बेजबाबदार नाही."

सिग्नल हिरवा झाला. लेकीला तो दिसला, पण वितळलेला. मागे हॉर्न सुरू झाले. एक, मग तीन, मग सगळेच.

"बाई, मला पुढचं दिसत नाहीये."

"दिसत नाही तर जायचं नाही. घाई कसली?" बाईंनी स्वतःच्या बाजूची काच खाली केली, पट्ट्यासकट कमरेपर्यंत बाहेर वाकल्या आणि त्या सगळ्या गाड्यांना मोठ्याने ऐकवलं, "अहो, थांबा जरा! शिकतेय ती अजून!"